आधी हिरड्या बघा

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शहरातल्या कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसा. बाकावर नव्या कपड्यांतली माणसं असतात आणि त्यांच्या पायाशी, मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली कुत्री. कुणी रात्रभर ओकलेलं असतं, कुणाला पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब होत असतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय खाल्लं?’ आणि पहिलं उत्तरही बहुधा ठरलेलंच, ‘काही नाही, रोजचंच.’ मग हळूहळू आठवत जातं. ताईने दोन शंकरपाळ्या दिल्या होत्या. आजोबांनी पानातल्या भातावर मटणाचा रस्सा ओतून घातला. पाहुण्यांची मुलं सुक्या मेव्याचं खोकं जमिनीवर उघडं ठेवून फटाके उडवायला पळाली. दोन-तीन माणसांच्या आठवणी जोडल्या की रात्रीचा हिशोब लागतो, पण तोवर बराच वेळ गेलेला असतो.

अशा दवाखान्यांतून बसून, तिथल्या डॉक्टरांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे. अचानक पोट बिघडलेल्या कुत्र्याचं बरंवाईट पुष्कळदा दवाखान्याआधीच्या काही तासांत ठरतं, आणि त्या तासांत औषध शोधत बसण्यापेक्षा कुत्र्याकडे नीट बघणं जास्त कामाचं असतं. आपल्याला घाई असते जुलाब थांबवण्याची. खरी काळजी करायची ती अंगातून जाणाऱ्या पाण्याची. आणि ओळखायचं ते हे, की बिघाड पोटातलाच आहे की दुसऱ्याच कुठल्या आजाराची खबर पोटावाटे येते आहे.

मुळात कुत्र्याला ओकणं अवघड जात नाही. शिकार गिळून परतलेली लांडगी पिल्लांसमोर ते अन्न बाहेर काढते आणि पिल्लं तेच खातात. घाईने गिळणं आणि नकोसं झालं की बाहेर टाकणं ही या जातीची जुनी रीत आहे. त्यामुळे एखादं धडधाकट मोठं कुत्रं एकदा ओकलं आणि पाच मिनिटांत शेपूट हलवत ताटाशी येऊन उभं राहिलं, तर लगेच गाडी काढण्याची गरज नसते. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकणारी कुत्रीही असतात. तो फेस म्हणजे पित्त. रात्री झोपण्यापूर्वी थोडंसं खायला दिलं की बहुतेकांचा हा त्रास कमी होतो. तरीही रोज होत राहिला तर तपासायला हवं.

गवताचंही तसंच. कुत्रं गवत खायला लागलं की त्याचं पोट बिघडलंय, असं आपल्याकडे सर्रास मानतात. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना याबद्दल विचारलं, तेव्हा गवत खाण्याआधी कुत्रं आजारी दिसत होतं असं सांगणारे दहातले एकही भरले नाहीत, आणि गवतानंतर नेहमी ओकणारी कुत्री चौथा हिस्साही नव्हती. गवत हे बहुतेक कुत्र्यांचं साधं खाणं आहे. मात्र फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरचं किंवा सोसायटीच्या औषध मारलेल्या लॉनवरचं गवत ही वेगळी गोष्ट.

बघायचं कसं, तर आधी ओकणं खरंच ओकणं आहे का ते बघावं. ओकताना पोट आत-बाहेर होतं, कुत्रं अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं. काहीच जोर न करता, मान खाली घातल्याबरोबर न पचलेलं अन्न नळीच्या आकारात बाहेर पडलं, तर दोष अन्ननलिकेत असू शकतो आणि त्याचा तपास निराळा होतो. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ इथे लांबलचक वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

शीकडे बघायला माणसं किळस करतात, पण त्यात माहिती भरपूर असते. दिवसातून तीन-चार वेळाच, पण भरपूर आणि पातळ होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. दर अर्ध्या तासाला कुंथून चमचाभर, शेंबडासारखी, शेवटी लाल थेंब, असं असेल तर मोठ्या आतड्यात. डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर वर कुठेतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, रक्तस्राव होत असल्याची शक्यता मोठी. लहान जातींमध्ये एक प्रकार दिसतो : काल संध्याकाळपर्यंत खेळणारं कुत्रं रात्री एक-दोनदा ओकतं आणि सकाळी जॅमसारखं गडद लाल, पातळ हगतं. यात काही तासांत अंगातलं इतकं पाणी आतड्यात उतरतं की रक्त दाट होतं. वेळेवर सलाईन लागलं तर यातली बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत उठून बसतात. नाही लागलं तर त्याच दिवशी हातची जातात. जाताना डबीत थोडा नमुना न्यावा, निदान फोटो तरी.

आता पाणी. दहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला सुमारे पाचशे ते सहाशे मिलिलिटर पाणी लागतं. उलट्या-जुलाब सुरू झाले की गरज वाढते आणि पिणं मात्र थांबतं. वजनाच्या पाच टक्के पाणी कमी होईपर्यंत बाहेरून फारसं काहीच कळत नाही, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याच्या अंगातून अर्धा लिटर गेल्यावर कुठे हाताला जाणवू लागतं. दहा-बारा टक्के गेलं की ते कोसळण्याच्या बेतात असतं. तीन किलोच्या पॉमेरेनियनच्या बाबतीत या दोन टोकांमध्ये फक्त दीड-दोनशे मिलिलिटर, एका चहाच्या मोठ्या कपाएवढं अंतर असतं. ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य तीस किलोच्या लॅब्राडॉरला एक वेळ परवडेल, त्या पॉमेरेनियनला नाही.

हे पाणी मोजण्याचं घरचं साधन म्हणजे हिरड्या. वरचा ओठ अलगद वर करावा. हिरडी गुलाबी आणि ओलसर असायला हवी. बोटाने दाबली की जागा पांढरी पडते आणि बोट उचलल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याहून वेळ लागला, हिरडी बोटाला चिकट लागली, पांढुरकी किंवा जांभळट दिसली, तर ताबडतोब निघावं. पिवळी दिसली तर यकृताकडे किंवा रक्तपेशी फुटण्याकडे बोट जातं. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच जागेवर बसते का, हीही खूण आहे, पण म्हाताऱ्या आणि हडकुळ्या कुत्र्यांत ती फसवते. नाक ओलं की कोरडं यावर मात्र जाऊ नये. ताप मोजायचा तर गुदद्वारात थर्मामीटर लावून; १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. माणसाच्या आकड्यांची सवय असलेल्या घरात यावरून उगाच घबराट होते. आजारी नसतानाच, निवांत दिवशी, आपल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग एकदा बघून ठेवावा असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. तुलनेला मूळ रंगच ठाऊक नसेल तर संकटाच्या रात्री बॅटरीच्या उजेडात काहीच ठरवता येत नाही.

दिवाळीच्या फराळाने कुत्रं आजारी पडतं ते बहुतेक वेळा तुपा-तेलाने. रोज पोळी-दूध किंवा कोरडं खाद्य खाणाऱ्या पोटात अचानक चकल्या, करंज्या, मटणाची चरबी गेली की आतडं तर बिघडतंच, पण कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते. हा आजार खाल्ल्यावर लगेच दिसेल असं नाही, एक-दोन दिवसांनीही उघड होतो. कुत्रं वारंवार ओकतं, पोटाला हात लावू देत नाही, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून तसंच उभं राहतं. आळस देताना कुत्रं असं करतं, पण आळस क्षणात संपतो. दुखण्यात ते पुन्हा पुन्हा त्याच अवस्थेत जातं. हे घरी बरं होण्यातलं दुखणं नाही.

लॅब्राडॉर पाळणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबावंसं वाटतं. त्याच्या हावरेपणावर घरोघरी बोलणी बसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ब्रिटनमधल्या सुमारे चौथाई लॅब्राडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे अन्नाची ओढ वाढते. अशा प्राण्याला शिस्त लावण्यापेक्षा फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवणं आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण लावणं हा न्याय्य उपाय आहे.

चॉकलेट कुत्र्याला चालत नाही एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण किती आणि कुठलं हे ठाऊक नसतं. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या अंगातून फार हळू निघतं. वजनाच्या दर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू होतो, चाळीस-पन्नासच्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, साठच्या पुढे झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्याने दुधाचं चॉकलेट शंभर ग्रॅम खाणं आणि गडद चॉकलेट चाळीस ग्रॅम खाणं साधारण सारखंच. भेटीच्या खोक्यात गडदही असू शकतं, म्हणून वेष्टन फेकू नये, दवाखान्यात घेऊन जावं.

मनुका-बेदाण्यांबद्दल मात्र अजून पुरेशी जाग नाही. चिवड्यातले, शिऱ्यातले, श्रीखंडातले बेदाणे आणि द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. काहींना मूठभर खाऊनही काही होत नाही, काहींना थोडक्यातच होतं. आधी उलट्या, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. २०२१ मध्ये अमेरिकी पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं सुचवलं. आपल्या स्वयंपाकात ते आणखी एका पदार्थात मुबलक असतं : चिंच. म्हणजे आमटीतल्या किंवा भेळेच्या चटणीतल्या चिंचेच्या कोळापासूनही कुत्र्याला लांबच ठेवलेलं बरं. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या ‘शुगर-फ्री’ वस्तूंची पाकिटंही वाचून बघावीत. त्यात झायलिटॉल असेल, विशेषतः च्युइंग गममध्ये, तर अर्ध्या-एक तासात कुत्र्याची रक्तातली साखर घसरते. ते ओकतं, झोकांड्या खातं, आणि पुढे यकृतही बिघडू शकतं.

फटाक्यांचा पोटाशी संबंध दोन बाजूंनी येतो. आवाजाच्या धास्तीने बऱ्याच कुत्र्यांना शेंबडासारखे जुलाब होतात, आवाज थांबला की एक-दोन दिवसांत सावरतात. दुसरा संबंध गंभीर : अंगणात पडलेले अर्धवट जळलेले फटाके पिल्लं चघळतात. त्यात सोरा, गंधक आणि रंगांसाठी घातलेले धातूंचे क्षार असतात. सकाळी अंगण झाडल्याशिवाय पिल्लू बाहेर सोडू नये.

आणि दिवाळीपुरतंच नव्हे, वर्षभराचं म्हणून सांगायचं तर आंब्याची कोय, मक्याच्या कणसाचा दांडा आणि शिजवलेल्या कोंबडीचं हाड. कोकणात मे महिन्यात कोयी अंगणभर पडलेल्या असतात. कुत्रं चोखता चोखता कोय गिळतं, ती जठरातून कशीबशी पुढे सरकते आणि आतड्यात अडते. मग खाल्लेलं प्रत्येक वेळी बाहेर येतं, शी हळूहळू बंद होते, आणि एखाद-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, घरच्यांच्या लक्षात येतं. क्ष-किरण आणि सोनोग्राफी करून, बहुतेकदा पोट उघडूनच ती काढावी लागते. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार फाका होतात, त्या आतडं फाडू शकतात. पानात उरलेली हाडं कुत्र्याला घालणं ही आपल्याकडे मायेची रीत आहे, आणि ती बदलायला हवी असं मी स्पष्टच म्हणेन.

घरात जे औषध असतं ते देऊन बघावं, हा मोह आवरणं सगळ्यात अवघड. माणसांसाठीची जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड, कोली आणि त्यांच्यासारख्या मेंढ्या राखणाऱ्या जातींतल्या अनेक कुत्र्यांच्या थेट मेंदूत पोहोचते, कारण तिला अडवणारी जनुकीय व्यवस्था त्यांच्यात कमकुवत असते. इतर कुत्र्यांतही जंतूंचं किंवा विषाचं पाणी बाहेर पडायला हवं तेव्हा आतडं आवळून धरण्यात शहाणपण नाही. पोट दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर जठरात व्रण होतात, रक्त येतं, मूत्रपिंड बसतं. पॅरासिटामॉलनेही यकृत आणि रक्त बिघडतं. विष खाल्लं असेल म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकवायची जुनी पद्धत तर जीवघेणी आहे. ओकलं नाही तर ते मीठ रक्तात जातं आणि झटके येतात. दूध, तेल, ताक घशात ओतताना ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. मागच्या वेळचे उरलेले मेट्रोनिडाझोलचे डोसही घालू नयेत. साध्या, सौम्य जुलाबात प्रतिजैविकं देऊ नयेत असंच आजचं शास्त्र सांगतं. आतड्यातले चांगले जंतू मारून ती बरं होणं लांबवू शकतात. प्रोबायोटिक मात्र डॉक्टरांना विचारून द्यायला हरकत नसते.

मग घरी करायचं काय? मोठं, लसी झालेलं, एरवी निरोगी कुत्रं एक-दोनदा ओकलंय, टवटवीत आहे, हिरड्या चांगल्या आहेत, तर सहा ते बारा तास पोटाला विश्रांती द्यावी. पाणी थोडं थोडं द्यावं, दर अर्ध्या तासाला दोन-चार चमचे. भांडंभर पाणी एकदम ठेवलं की ते ढोसतं आणि पुन्हा ओकतं. पाणी पोटात टिकलं की मग मऊ भात आणि मीठ-मसाला, कांदा-लसूण काही न घातलेली, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी, अगदी थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. मांस न शिजवणाऱ्या घरात मऊ भातात थोडं दही किंवा उकडलेला लाल भोपळा चालतो. दूध नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. दोन-तीन दिवसांनी नेहमीचं खाणं हळूहळू मिसळत जावं. उलट्या नसून नुसते जुलाब असतील तर उपाशी ठेवायचंच कारण नाही. आतड्याच्या पेशींना बरं व्हायला अन्नच लागतं. पिल्लांना मात्र कधीच उपाशी ठेवू नये, त्यांची साखर काही तासांत उतरते.

दवाखान्याची वाट कधी धरायची, हे डॉक्टर जवळपास एकसारखंच सांगतात. प्यायलेलं पाणीही पोटात टिकत नसेल, रक्त दिसलं, कुत्रं मरगळून कोपरा धरून बसलं, हिरड्यांचा रंग उतरला, चोवीस तास उलटून गेले तर. वय सहा महिन्यांच्या आत असेल, लसी झालेल्या नसतील, म्हातारं किंवा गाभण असेल, तर एवढंही थांबायचं नाही.

काही दुखणी मात्र तासांवर असतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगून स्वतःभोवती पिळतं. कुत्रं ओकायचा जोर करतं, पण तोंडातून लाळेशिवाय काही येत नाही. पोट फुगतं, ते येरझाऱ्या घालतं, बसू शकत नाही. रिकाम्या उलटीचे हे उमाळे दिसले की दुसरं काही करत बसू नये. वाटेतून फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी थेट पोहोचावं. नसबंदी न झालेली मादी, माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, खूप पाणी पिते आणि ओकते, तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो; तिथे पोटाचं औषध देणं म्हणजे वेळ घालवणं. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात तुंबलेल्या पाण्यातून फिरून आलेलं कुत्रं ओकू लागलं, डोळे पिवळे दिसले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. तो उंदरांच्या लघवीतून येतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून साफसफाई हातमोजे घालूनच करावी.

गावाकडे आणखी एक गोष्ट दिसते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड भज्यात किंवा पिठाच्या गोळ्यात घालून ठेवतात. कुत्रं ते खातं आणि काही मिनिटांपासून काही तासांत ओकू लागतं; ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. जठरातल्या आम्लाशी मिळून त्यातून विषारी वायू तयार होतो आणि अन्नाने आम्ल वाढतं, म्हणून ‘विष उतरेल’ म्हणून भाकरी चारणं नेमकं उलटं ठरतं. तो वायू माणसालाही बाधतो, त्यामुळे गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. दुसऱ्या प्रकारच्या उंदीरनाशकाने रक्त गोठायचं थांबतं, पण त्याचे परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतात. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा खरा उतारा आहे. कुठलं पाकीट होतं हे कळलं तरच उपचार ठरतो.

शहर आणि गाव यांतलं अंतर इथे जाणवतं. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं, पुण्यात रात्री उघडे असणारे दवाखाने आहेत. तालुक्याच्या श्रेणी-१ च्या दवाखान्यातला डॉक्टर मात्र गाई-म्हशींच्या विण्यात आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात गुंतलेला असतो, आणि श्रेणी-२ मध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षकच भेटतो. तरीही कातडीखाली किंवा शिरेतून सलाईन देण्याचं काम तिथे होऊ शकतं, आणि पोटाच्या बऱ्याच दुखण्यांत पहिल्या दिवशी तेच लागतं. मोठ्या शहरात न्यायच्या तयारीत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी आधी सलाईन लावून घ्यावं.

आता पार्व्हो. कुत्र्यांच्या पोटाबद्दल लिहायचं आणि पार्व्होवर दोन ओळी लिहून पुढे जायचं, हे मला जमणार नाही. हा रोग पुरातन वाटतो, पण तो माझ्या पिढीतल्या अनेकांपेक्षा वयाने लहान आहे. १९७८ मध्ये जगभर एकाच वेळी पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन मरू लागली, तोवर कुणी हा आजार पाहिला नव्हता. मांजरांना होणाऱ्या पार्व्होच्या जवळचा एक विषाणू थोडे बदल होऊन कुत्र्यांत शिरला होता. कुठल्याच कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. दोनेक वर्षांत तो सगळ्या खंडांत पोहोचला. सुरुवातीला घाईघाईने मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली गेली. मग कॉर्नेल विद्यापीठातल्या लेलंड कारमायकेल आणि मॅक्स अ‍ॅपल यांनी कुत्र्यांसाठीची लस तयार केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही या रोगाची नोंद झाली. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत, कुठल्याही पिल्लांच्या झुंडीत तो असू शकतो.

भराभर विभागणाऱ्या पेशी हे या विषाणूचं लक्ष्य. लहान आतड्याच्या आतल्या पडद्यावर टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावाटे अन्न आणि पाणी रक्तात शोषलं जातं. हे उंचवटे दर काही दिवसांनी तळातल्या नव्या पेशींनी भरून निघतात. पार्व्हो तो तळच मारतो. उंचवटे झडतात, आतडं उघडं पडतं, पाणी आणि रक्त बाहेर वाहतं आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी विषाणू अस्थिमज्जेतल्या पेशीही मारतो, म्हणजे त्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ऐन गरजेला घटतात. पिल्लू जातं ते बहुधा या दोन्हींमुळे, पाणी गेल्याने आणि रक्तात जंतू पसरल्याने.

लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांनी पहिली खूण दिसते, आणि ती जुलाबाची नसते. पिल्लू खात नाही, खेळत नाही, झोपून राहतं. दुसऱ्या दिवशी उलट्या, मग दुर्गंधी येणारे, पुष्कळदा रक्ताळलेले जुलाब. शीच्या नमुन्यावर दहाएक मिनिटांत होणारी तपासणी आता तालुक्यांच्या गावीही मिळते. विषाणूला मारणारं औषध बहुतेक ठिकाणी हाताशी नसतं, पण शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, आणि या आजारात खरोखरच लागणारी प्रतिजैविकं, एवढ्यावर भरती केलेल्या पिल्लांपैकी दहातली आठ-नऊ वाचतात. उलटी आवरली की लवकरच थोडं थोडं भरवायला सुरुवात करतात. उपचारच न मिळालेल्यांतली बहुतेक मरतात. चार-पाच दिवसांचा खर्च काही हजारांवर जातो आणि बऱ्याच घरांना तो झेपत नाही, हे खरं आहे. लसीचा खर्च त्याच्या तुलनेत किरकोळ आहे, हेही तितकंच खरं.

लस घेऊनही पार्व्हो झाला, अशी तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते, आणि तिचं कारण बहुतेकदा एकच असतं. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिद्रव्यं काही आठवडे त्याचं रक्षण करतात, पण तीच प्रतिद्रव्यं लसही निष्फळ करतात. ती नक्की कधी संपतील हे पिल्लागणिक वेगळं असतं. मधल्या काळात आईचं संरक्षण रोगाला अडवण्याइतकं उरलेलं नसतं आणि लस लागू होऊ न देण्याइतकं मात्र असतं. म्हणूनच सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. दुसऱ्या ‘नाइन-इन-वन’ लशीनंतर कार्ड कपाटात ठेवून देणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि हॉस्पिटलात भरती झालेली चार महिन्यांची पिल्लं त्यांचीच असतात. सोळा आठवड्यांनंतरचा तो शेवटचा डोस चुकवू नये. तो झाल्यावर आठवडाभर थांबून मगच पिल्लाला बागेत, रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांत न्यावं.

पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात दुसरं पिल्लू आणायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विषाणू जमिनीत, कोपऱ्यात, चटईत वर्षभरसुद्धा जिवंत राहू शकतो, आणि आपण घरोघर वापरतो त्या फिनाइलचा त्याच्यावर भरवसा नाही. आधी साबणाने घाण पूर्ण धुवावी, मग एक भाग सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशीवर, भांड्यांवर दहा मिनिटं राहू द्यावं. ब्लीचमध्ये संडासाचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. जुनं अंथरूण, दोरीची खेळणी जाळून टाकावीत. अंगणातली माती धुता येत नाही; तिथे ऊन पडू द्यावं आणि नवं पिल्लू लसी पूर्ण झाल्याशिवाय उतरवू नये. त्यापेक्षा, वर्षभर तरी त्या घरात सगळ्या लसी झालेलं मोठं कुत्रंच आणावं. गल्लीतली सहा महिन्यांची, लसी दिलेली गावठी कुत्री अशा घराची वाट बघत असतात.